पेशन्सला शिडी लागते

लिओलिनने कुकूचं, म्हणजे मक्याच्या पिठाच्या घट्ट उकडीचं, ताट टेबलावर असं आदळलं, की वरचा तळलेला मासा उडून थेट सेप्टिमसच्या मांडीवर पडला.

"मासा उचल," ती म्हणाली, "आणि नीट ऐक. होडीला शिडी लागल्याशिवाय मी तिच्यात पाय ठेवणार नाही. गेल्या ऑगस्टपासून सांगतेय. आता जुलै संपत आला."

"माझ्या बापाच्या होडीला शिडी नव्हती," सेप्टिमस ओरडला. तो नेहमीच ओरडतो. मीठ मागायचं असलं तरी शेजारच्या घरात कुणीतरी मिठाची बरणी शोधायला उठतं. "त्याच्या बापाच्या होडीलाही नव्हती. शिडी लावायला होडी म्हणजे काय नारळाचं झाड आहे?"

"तुझ्या बापाने बायकोला दोराला टांगून गावाला दाखवली नव्हती."

सेप्टिमसने मासा खाल्ला, तोही रागाने.

झालं होतं असं. आमच्या विंडवर्डच्या किनाऱ्यावर ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लहान होड्यांची शर्यत असते. जिंकलेल्या होडीचं सुकाणू ज्याच्या हातात असेल, त्याला सगळे मिळून समुद्रात फेकतात. ही जुनी रीत आहे, तिला इलाज नाही. सेप्टिमसची 'पेशन्स' वर्षानुवर्षं जिंकत आली ती लिओलिनमुळे. होडी सेप्टिमसची, आवाज सेप्टिमसचा, पण सुकाणू लिओलिनचं. वारा फिरायच्या आधी तिच्या मानेला कळतो. होडीचं 'पेशन्स' हे नाव सेप्टिमसच्या बापाने ठेवलं होतं. पेशन्स म्हणजे धीर. घरात तेवढीच एक गोष्ट कमी होती, म्हणून ठेवलं असावं.

एरवी लिओलिनला फेकायचे ते कमरेएवढ्या पाण्यात. ती हसत हसत किनाऱ्यावर चालत यायची. पण गेल्या वर्षी वादळाने रेती वाहून नेली होती, त्यामुळे होड्यांनी नांगर टाकला खोल पाण्यात. तिला फेकलं आणि मग घोडं अडलं. पेशन्सचे काठ उंच, लिओलिन अंगाने चांगली भरलेली, वर भिजलेला झगा. तिघा गड्यांनी हात ओढले, खांदे ओढले, ती पुन्हा पुन्हा पाण्यात. शेवटी कुणीतरी शिडाचा दोर तिच्या काखेतून घेतला आणि तिला शीड चढवतात तशी वर चढवली. तिने दोराला लटकत एक गिरकी घेतली आणि तोंड आलं बरोबर किनाऱ्याकडे. डोक्यावर चर्चची टोपी अजून जागेवर होती. सगळा किनारा हसला. किनाऱ्याचं कामच ते, त्याबद्दल लिओलिनने कुणाला बोल लावला नाही. पण सेप्टिमस होडीत बसकण मारून, मांड्या बडवत म्हणाला, "अजून थोडं वर घ्या रे, मागच्यांना दिसत नाहीये."

त्या दिवसापासून लिओलिनचा राग जो चढला तो उतरला नाही. दोर ओढताना दात काढणाऱ्या तिन्ही गड्यांना तिने त्याच संध्याकाळी सांगून टाकलं, की पुन्हा पेशन्सच्या आसपास दिसलात तर वल्ह्याने हाणीन. सेप्टिमसला काढून टाकणं जरा अवघड होतं, तो नवरा होता. मग तिने सुकाणूच सोडलं. डिसेंबरच्या शर्यतीत सेप्टिमसने स्वतः सुकाणू धरलं आणि पेशन्सचं पुढचं टोक नेऊन घातलं ते मासळीवालीच्या टपरीत. टपरी किनाऱ्यावर होती. तेव्हापासून नॉरबर्ट मॅकलॅरन रस्त्यात भेटला की विचारायचा, "काय सेप्टी, ऑगस्टला बाजारातूनच निघणार का यंदा?" नॉरबर्टची 'ग्लोरी' कायम दुसरी यायची. डिसेंबरला ती पहिली आली, आणि नॉरबर्टने बक्षिसाचा मेंढा सेप्टिमसच्या दारावरून दोनदा फिरवून नेला.

लिओलिनशिवाय ऑगस्टही हातचा जाणार हे सेप्टिमसला कळत होतं. तिला नुसती शिडीच हवी आहे का, हे विचारायचं मात्र त्याला सुचलं नाही. तो उठला आणि दाणदाण पाय आपटत ऑसबर्टकडे गेला.

ऑसबर्ट आमच्या गावचा लोखंडकाम करणारा. तिशीचा, दणकट, कुणी काही सांगितलं की आधी हो म्हणणारा. त्याने जुन्या लोखंडी खाटेच्या नळ्या कापल्या, वाकवल्या, जोडल्या आणि शिडी केली. वरचा भाग होडीला पक्का बसायचा. खालचा भाग बिजागरीवर, पाण्यात सोडायचा आणि शेवटचा माणूस चढला की त्याने वर ओढून दोरीने बांधायचा. शिडी खरंच छान झाली होती, म्हणून सेप्टिमसने नाक मुरडून विचारलं, "काय द्यायचं?"

"पैसे नकोत सेप्टीकाका," ऑसबर्ट म्हणाला. "सोमवारी होडीत एक जागा द्या."

ऑगस्ट जवळ आला की आमच्याकडे पैशाची भाषा कुणी बोलत नाही. सुतार असो, शीड शिवणारा असो, सगळे जागा मागतात. आणि चार माणसांसमोर दिलेली जागा दिली म्हणजे दिली. ती परत घेणारा माणूस पुढच्या वर्षी आपली होडी एकटाच वाळूवरून ढकलताना दिसतो, आणि होडी एकट्याने ढकलवत नाही.

"घे," सेप्टिमस म्हणाला. तीन जागा रिकाम्याच होत्या. "पण दात काढलेस तर याद राख."

पेशन्स तेव्हा रंगकामासाठी वाळूवर ओढून ठेवली होती, उजव्या कुशीवर कलंडलेली. मागच्या सपाट पाटीच्या मधोमध सुकाणू, त्याच्या डाव्या हाताला शिडी, असं ठरलं. सेप्टिमसने गिरमिट पाटीला लावलं, एक वेढा दिला, आणि ऑसबर्टने हातातला हातोडा खाली ठेवला.

"काका, धर्मबापाला विचारलंत?"

सेप्टिमसच्या कपाळाची शीर उडायला लागली. आमच्याकडे होडी पाण्यात उतरते तेव्हा पोरीला असावा तसा तिला धर्मबाप असतो. तो तिच्यावर रम शिंपडतो, पहिल्यांदा तिचं नाव घेतो, आणि मग जन्मभर तिच्या अंगाला भोक पाडायचं असेल तर त्याला विचारावं लागतं. पेशन्सचा धर्मबाप होता झेफरिन, लिओलिनचा थोरला भाऊ. त्याचं आणि सेप्टिमसचं बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. झेफरिनच्या बोकडाने सेप्टिमसचं कोरं शीड खाल्लं हे सगळ्यांना माहीत आहे. नंतर तो बोकड कुणी खाल्ला याबद्दल गावात दोन मतं आहेत.

"मरू दे त्याला. होडी माझी आहे," सेप्टिमस गरजला, आणि गरजल्यामुळेच ते झेफरिनच्या घरापर्यंत गेलं. पाच मिनिटांत झेफरिन वाळूवर हजर. उंच, वाळका, पांढरी दाढी, बोलणं असं सावकाश की समोरच्याचं डोकं फिरावं. त्याने सेप्टिमसकडे बघितलंसुद्धा नाही. तो पेशन्सपाशी गेला आणि तिच्या फळ्यांवर हात ठेवला.

"पोरी," तो होडीला म्हणाला, "तुला भोक पाडायला निघालेत म्हणे. मला कुणी विचारलं नाही."

सेप्टिमस होडीच्या दुसऱ्या अंगाला गेला. "पोरी, सांग तुझ्या धर्मबापाला, मालक मी आहे."

"पोरी, मालक काय, आज हा, उद्या दुसरा. धर्मबाप एकच असतो."

"पोरी, त्याला म्हणावं, शिडी त्याच्याच बहिणीसाठी आहे."

"माहीत आहे म्हणावं. ती का हवी झाली तेही माहीत आहे. मी किनाऱ्यावर होतो त्या दिवशी."

सेप्टिमसने वाळूला लाथ मारली. तोवर दहा-बारा माणसं जमली होती, आणि समुद्रद्राक्षाच्या झाडाखाली प्रॉस्पर खुर्ची टाकून बसला होता. प्रॉस्पर स्वतः कधी काही करत नाही, दुसऱ्याचं काम बघतो. सकाळपासून संध्याकाळपर्यंत बघतो आणि दमून घरी जातो.

"पोरी, एकदाचं विचार याला काय पाहिजे ते," सेप्टिमस दात खाऊन म्हणाला.

झेफरिनने दाढी कुरवाळली. "पोरी, मला सोमवारी जागा पाहिजे. पुढची, शिडाच्या दोराजवळची."

"अख्खी होडीच घेऊन जा म्हणावं."

"अख्खी नको. एक जागा पुरे."

गरजवंताला अक्कल नसते. सेप्टिमसने होडीवर मूठ आपटून "दिली" म्हटलं. झेफरिनने खिशातून जॅक आयर्न रमची बाटली काढली, चार थेंब होडीवर शिंपडले, चार घोट स्वतः घेतले, आणि गिरमिट पुढे सरकलं.

आता सेप्टिमस रागीट असला तरी कामात हयगय करणारा नव्हे. त्याने गवंड्याकडून पाणसळ मागून आणली. शिडी धरली, पाणसळ लावली, एक डोळा मिटला, जरा इकडे, जरा तिकडे, आणि बुडबुडा बरोबर मध्ये आला तेव्हाच खुणा केल्या. चार भोकं पाडली, चार बोल्ट आवळले. शिडी जमिनीला अगदी काटकोनात उभी राहिली. लांब जाऊन बघितली, जवळ येऊन बघितली. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याचा आवाज थोडा खाली आला.

दुसऱ्या दिवशी गावाने हात लावून पेशन्सला पाण्यात ढकललं. होडी पाण्यात गेली आणि जशी होडी पाण्यात उभी राहते तशी सरळ उभी राहिली. शिडी तिरकी झाली.

लिओलिन हाताची घडी घालून किनाऱ्यावर उभी होती. ती गुडघाभर पाण्यात गेली आणि बाहेरूनच हात लांब करून सुकाणू डावीकडे फिरवलं. खण्ण. शिडीचं खालचं टोक बरोबर सुकाणूच्या वाटेत आलं होतं. तिने पुन्हा फिरवलं. खण्ण.

"छान," ती म्हणाली. "आता ही होडी फक्त उजवीकडे वळेल. नॉरबर्टला सांगून ठेव, सगळी वळणं उजवीकडे घ्यायला."

"पाणसळ लावली होती मी," सेप्टिमस किंचाळला. "बुडबुडा मध्ये होता. अगदी मध्ये."

"बुडबुडा मध्ये होता रे," झाडाखालून प्रॉस्पर म्हणाला, "होडी कुशीवर होती. कलंडलेल्या होडीला सरळ शिडी लावलीस, मग सरळ होडीला ती तिरकीच दिसणार. मी तेव्हाच बघितलं होतं."

सेप्टिमस सावकाश मागे वळला. "तेव्हाच बघितलंस. मग बोलला का नाहीस?"

"तू ओरडतोस," प्रॉस्पर म्हणाला.

सेप्टिमसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने पाणसळ समुद्रात फेकली. ती गवंड्याची होती हे आठवल्यावर तो बुडी मारून शोधायला गेला, आणि पाण्याखालूनही काहीतरी ओरडत होता, बुडबुडे वर येत होते. तोवर लिओलिन घरी निघून गेली होती.

बोल्ट काढणं सोपं होतं, पण चार भोकं बुजवून त्यांच्याशेजारी नवी चार पाडायची म्हणजे पाटीची चाळण. झेफरिनने हे होडीला समजावून सांगितलं. "पोरी, आतून एक रुंद, जाड फळी लागेल. पांढरं सिडार. आणि चांगलं वाळलेलं, नाहीतर महिन्याभरात फुगेल."

चांगलं वाळलेलं पांढरं सिडार गावात एकाच ठिकाणी होतं. टांटी युलालीच्या घराखाली. आमच्याकडे टांटी म्हणजे मावशी, आणि युलाली सगळ्या गावाची टांटी. ब्याऐंशी वर्षांची, मुठीएवढी, तोंडाने तिखट. तिने स्वतःच्या शवपेटीसाठी निवडून निवडून फळ्या घेतल्या होत्या आणि घराच्या खांबांमध्ये रचून ठेवल्या होत्या. दर रविवारी त्या उलटायची, म्हणजे वाकू नयेत.

"हातभर तुकडा दे, टांटी," सेप्टिमस म्हणाला. त्याच्या परीने तो हळूच बोलला, तरी तिच्या कोंबड्या उडाल्या.

"हातभर? आणि माझे पाय कुठे ठेवू मग, बाहेर?"

"तू काय आज जाणारेस का? दुसरी फळी आणून देतो."

"ओली आणशील. ओल्या लाकडात मी निजणार नाही, मला दमा आहे." टांटीने त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "लिओलिनसाठी ना? तिला माशासारखी टांगलीत त्यासाठी?"

"मी नाही टांगली."

"तू काय केलंस ते मला माहीत आहे, दिसत नव्हतं मागच्यांना म्हणे. मला चांगलं दिसत होतं, मी पुढे होते." ती खुर्चीत मागे रेलली. "सेप्टिमस, माझा नवरा मला दरवर्षी म्हणायचा, पुढच्या शर्यतीला तुला होडीत घेतो. तो गेला. मग मुलगा म्हणायला लागला, पुढच्या वर्षी. तो टोरांटोला गेला. मी अजून इथेच बसलेय, हात हलवायला. मला सोमवारी जागा दे. मी पाय आखडून निजेन."

"टांटी, तुझं वय काय, बोलतेस काय."

"वय झालंय म्हणूनच घाई आहे."

सेप्टिमसने कपाळावर हात मारला, आभाळाकडे बघून एक शिवी हासडली, टांटीने त्या शिवीबद्दल त्याचा कान पिळला, आणि मग तो ओरडला, "घे. घे जागा." टांटीच्या ओसरीवर नेहमीप्रमाणे चार बायका ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, सोलत बसल्या होत्या. त्यामुळे ते झालंच पक्कं.

दुसऱ्या वेळी शिडी पाण्यातच बसवली. ऑसबर्ट आत फळी धरून, झेफरिन होडीला धीर देत, आणि सेप्टिमस छातीभर पाण्यात उभा राहून गिरमिट फिरवत. खारट पाणी डोळ्यांत, सूर्य डोक्यावर. आणि किनाऱ्यावरून प्रॉस्पर.

"जरा डावीकडे."

सेप्टिमसने गिरमिट फिरवलं.

"अंहं, फार गेलास. उजवीकडे. मागच्यासारखं नको व्हायला."

सेप्टिमसच्या मानेवरच्या शिरा सुतळीएवढ्या झाल्या. शेवटचा बोल्ट आवळला. लिओलिनने येऊन सुकाणू डावीकडे फिरवलं, उजवीकडे फिरवलं, कुठेही आवाज आला नाही. जाताना तिने शिडीच्या वरच्या नळीवर एकदा तळहात फिरवला, हे सगळ्यांनी बघितलं.

"झाली एकदाची," प्रॉस्पर म्हणाला. "सगळ्यांना जागा मिळाली. ऑसबर्टला मिळाली, झेफरिनला मिळाली, म्हातारीलाही मिळाली. मी चार दिवस उन्हातान्हात बसून सल्ला दिला, मला काय?"

सेप्टिमसचा जो काही बांध उरला होता तो फुटला. "तुला? तू पण ये ना. ये की. राजासारखा बस. गाव कशाला मागे ठेवता, सगळ्यांनीच चला. ये, ये, तुलाही जागा दिली, जा."

प्रॉस्परने थोडा विचार केला. "बरं," तो म्हणाला. "उशी घेऊन येतो."

रागाच्या भरात माणूस काय बोलतो ते त्याचं त्याला कळत नाही, तर माणसं काय मोजणार? सेप्टिमस घरी गेला तो शिडी झाली या खुशीत. लिओलिनने ताट समोर ठेवलं. आदळलं नाही, नुसतं ठेवलं. तेवढ्याने त्याला रात्रभर छान झोप लागली.

सोमवारी किनाऱ्यावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. नारळाच्या दुधात शिजणाऱ्या ऑइलडाउनची पातेली रटरटत होती, ढोल वाजत होते. नॉरबर्टने बक्षिसाचा मेंढा स्वतःच्या हाताने धुऊन, गळ्यात रिबीन बांधून ठेवला होता. पेशन्स छातीभर पाण्यात उभी होती. आधी झेफरिन चढला, मग ऑसबर्ट. टांटी युलाली चढली ती कुणाचा हात न धरता, आणि वर पोचल्यावर तिने किनाऱ्याकडे बघून हात हलवला नाही, आता किनाऱ्यानेच तिला हात करायचा होता. प्रॉस्पर उशी डोक्यावर धरून चढला. सेप्टिमस होडीच्या काठावर बसून सगळ्यांवर ओरडत होता.

मग लिओलिन आली. चर्चची टोपी, तोच झगा. तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शिडी हलली नाही. आपल्या पायांनी, आपल्या वेगाने ती वर आली, झगा सावरला, सुकाणूपाशी बसली. कुणी हसलं नाही. टाळ्याही वाजल्या नाहीत, आणि तिला तेच बरं वाटलं असावं. सेप्टिमस खाकरून पाण्यात थुंकला आणि त्याने ऑसबर्टला विनाकारण एक शिवी दिली.

तेवढ्यात पंचाची नाव बाजूला आली. पंचाने बोट दाखवत माणसं मोजली.

"पेशन्स, सहा माणसं. पाचच चालतात. एक उतरवा, नाहीतर होडी बाद."

सेप्टिमसने मागे वळून बघितलं. "उतरा रे कुणीतरी."

कुणी हललं नाही.

"मला शिडीच्या बदल्यात शब्द दिलात, काका," ऑसबर्ट म्हणाला.

"पोरी, मलाही," झेफरिन होडीला म्हणाला.

"चार बायका साक्षीला आहेत," टांटी म्हणाली. "आणि माझी पेटी आखूड झालीय."

सेप्टिमस प्रॉस्परकडे वळला. प्रॉस्पर उशीवर मांडी घालून बसला होता. "ये ये म्हणून चारदा म्हणालास," तो म्हणाला. "एकदा म्हणाला असतास तर मी समजलो असतो."

"लिओलिन," सेप्टिमसचा आवाज फाटला, "तू तरी सांग यांना."

"मी काय सांगू? मी शिडी मागितली होती, ती मिळाली. जागा तू वाटल्यास."

"मग काय मी उतरू? मी? मालक?"

"शिडीने उतरताही येतं," लिओलिन म्हणाली.

सेप्टिमस उठला. त्याचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला होता. तोंडाने अखंड पट्टा चालू होता, त्यात सगळ्यांच्या वाडवडिलांचा उद्धार झाला. बोलत बोलत तो एकेक पायरी उतरला आणि छातीभर पाण्यात उभा राहिला. शंख वाजला. शिडं फुगली. पेशन्स त्याच्या नाकासमोरून निघून गेली.

तेव्हा त्याला दिसलं की शिडी खालीच आहे. शेवटचा माणूस वर चढला की त्याने ती ओढून बांधायची. पण शिडीवरचा शेवटचा माणूस वर चढला नव्हता, खाली उतरला होता. होडीतल्यांना कुणालाच तिची आठवण नव्हती. खाटेच्या नळ्या पाणी कापत, फेस काढत होडीमागे फरफटत होत्या.

"शिडी," सेप्टिमस ओरडला. "शिडी वर घ्या."

तो पाण्यातून बाहेर धावला, वाळूवरून धावला, पातेल्यांमधून धावला, ढोल उलथून टाकत टोकाच्या खडकापर्यंत गेला. दोन्ही हात वर करून, नरडं फाडून ओरडत होता. समोर ग्लोरी आणि पेशन्स अगदी जोडीने चालल्या होत्या.

"बघा, बायकोला शिव्या घालतोय," किनाऱ्यावरच्या बायका म्हणाल्या. "बिचारी. होडीतसुद्धा सुख नाही."

"कुणीतरी सांगा त्यांना," तो लोकांना म्हणाला. लोक चार पावलं मागे सरकले. होडीतून टांटी युलालीने त्याला हात हलवला. आयुष्यभरात पहिल्यांदाच सेप्टिमस काहीतरी उपयोगाचं ओरडत होता, आणि ते कुणालाच कळत नव्हतं. शेवटी त्याचा घसा बसला. फट्‌दिशी बसला. तो खडकावर उभा राहून नुसती तोंडाची उघडझाप करत राहिला.

शेवटच्या वळणावर वारा किंचित फिरला. तो फिरायच्या आधीच पेशन्सचं टोक वळलं होतं. नॉरबर्टला कळेपर्यंत ग्लोरीचं शीड फडफडायला लागलं. पेशन्स आली ती अर्ध्या होडीने पुढे, शिडीला हातभर समुद्रगवत गुंडाळलेलं, आणि प्रॉस्पर उशीवर उभा राहून सगळ्यांना सांगत होता की त्याने सुचवलं होतं.

रीतीप्रमाणे लिओलिनला समुद्रात फेकायला कुणी उठण्याआधीच सेप्टिमस पाण्यातून चालत पेशन्सपाशी गेला. छातीभर पाण्यात. त्याने बोटाने शिडी दाखवली.

"कळलं होतं मला," लिओलिन म्हणाली. "पहिल्याच वळणावर सुकाणू जड लागलं. ऑसबर्ट निघाला होता ओढायला. मी म्हटलं, राहू दे. सेप्टिमसपेक्षा हलकीच आहे. आणि गप्प तरी असते."

हे किनाऱ्यावर ऐकू गेलं. सगळा किनारा हसला. नॉरबर्ट हसला, टांटी हसली, गवंडी हसला, झेफरिनने तर कित्येक वर्षांत पहिल्यांदा सेप्टिमसच्या तोंडाकडे सरळ बघितलं, ते हसण्यासाठी. लिओलिन तेवढी हसली नाही. ती सुकाणूवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिली.

सेप्टिमस पाण्यात उभा होता आणि त्याला पळायला जागा नव्हती. त्याने शिडीची नळी धरली, एक पायरी चढला, तोंड तिच्या कानापाशी नेलं आणि बसलेल्या घशाने, मोठ्या कष्टाने म्हणाला, "चुकलं माझं."

लिओलिनने टोपी नीट केली. किनाऱ्याकडे बघितलं, शेवटच्या रांगेपर्यंत.

"काय म्हणालास?" ती म्हणाली. "जरा मोठ्याने बोल. मागच्यांना ऐकू येत नाहीये."